डॉक्टर हूचे फॅन नेमके कशावरून भांडतात?

३१ मे २०२५ ला बीबीसीच्या 'डॉक्टर हू' या सिरीयलचा सीझन संपला आणि शेवटच्या मिनिटात शूटी गाट्वाचा डॉक्टर सोनेरी उजेडात विरघळून गेला, त्याच्या जागी उभी राहिली बिली पायपर, म्हणजे २००५ मध्ये डॉक्टरबरोबर हिंडणारी रोज टायलर जिने केली होती तीच. क्रेडिट्समध्ये तिचं नाव आलं पण ती डॉक्टर आहे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मग ऑक्टोबरमध्ये बीबीसीने सांगितलं की डिस्नी प्लसबरोबरची पार्टनरशिप संपली, आता पुढचा भाग थेट २०२६ च्या ख्रिसमसला. झालं, एवढा मोठा रिकामा वेळ मिळाल्यावर फॅन्स काय करणार, जे साठ वर्षं करत आलेत तेच. टेनंटसारखा दुसरा होणे नाही, व्हिटाकरने वाट लावली, कपाल्डी कळायला अक्कल लागते, टॉम बेकर गेला तेव्हाच सिरीयल संपली, वगैरे वगैरे. (ही सगळी डॉक्टर झालेल्या नटांची नावं.)

बाहेरच्या माणसाला यातलं काही कळत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही. एकाच पात्राला इतके नट कसे, ते एकमेकांसारखे का वागत नाहीत, आणि लोक एवढे चिडतात कशाला? तर ते जरा नीट सांगतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको: भांडण नटाच्या नावाने चालतं, पण ऐंशी टक्के वेळा राग किंवा प्रेम हे कॅमेऱ्यामागच्या दुसऱ्याच कुणावरचं असतं.

हिरो बदलतो म्हणजे काय होतं

पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला, केनेडींच्या खुनाच्या दुसऱ्या दिवशी. लोकांचं सगळं लक्ष बातम्यांकडे होतं, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला परत दाखवावा लागला. (त्या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट. १९६३ च्या बीबीसीत एक तरुण बाई आणि एक भारतीय मुलगा, हे तेव्हा किती वेगळं असेल विचार करा.) गोष्ट साधी होती, दुसऱ्या जगातून आलेला एक म्हातारा निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून काळाच्या मागेपुढे फिरतो आणि त्याच्याबरोबर आपल्यासारखी एकदोन माणसं असतात, ज्यांना कम्पॅनियन म्हणतात. यान बाहेरून कपाटाएवढं, आतून भलंमोठं.

म्हातारा करायचा विल्यम हार्टनेल. १९६६ पर्यंत त्याची तब्येत ढासळली, संवाद लक्षात राहीनात. सिरीयल तर डॅलेक्स नावाच्या राक्षसांमुळे तुफान चाललेली, बंद कशी करणार? दुसरी कुठली सिरीयल असती तर गुपचूप नवा नट आणून बसवला असता आणि प्रेक्षकांनी दोन आठवडे कुरकुर करून सोडून दिलं असतं. यांनी बदल लपवलाच नाही. ऑक्टोबर १९६६ मध्ये डॉक्टर यानात जमिनीवर कोसळतो, चेहरा उजळतो, आणि उठतो तो पॅट्रिक ट्रॉटन. त्याला नंतर नाव पडलं रीजनरेशन: डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर अख्खं बदलतं, आठवणी त्याच राहतात, स्वभाव मात्र नवा येतो.

यातली खरी हुशारी शेवटच्या तुकड्यात आहे, स्वभाव नवा येतो. ट्रॉटनने हार्टनेलची नक्कल केली नाही. हार्टनेल तिरसट आजोबा होता, ट्रॉटन आला तो विस्कटलेल्या केसांचा, बासरी वाजवणारा, वेड पांघरून पेडगावला जाणारा. तेव्हापासून प्रत्येक नव्या नटाला वेगळं असण्याची सूट मिळाली, आणि फॅन्सना तुलना करण्याची.

खानावळीत भाजी खारट झाली तर

आपण ओरडतो वाढप्यावर. कारण तो समोर असतो. आचारी आत, तो दिसत नाही, मीठ त्याने घातलेलं असतं. डॉक्टर हूमधला नट हा बऱ्याच अंशी वाढपी आहे. ताट तो आणून ठेवतो, आणि त्याच्या वाढण्यानेही जेवणाची मजा कमीजास्त होते हे खरं, पण आमटी त्याने केलेली नसते.

जुन्या काळात म्हणजे १९६३ ते १९८९ मध्ये आचारी दोन असायचे. एक निर्माता, पैसे आणि एकूण सूर त्याच्या हातात. दुसरा स्क्रिप्ट एडिटर, म्हणजे लेखकांकडून कथा लिहून घेणारा, त्या दुरुस्त करणारा, वेळ पडली तर स्वतःच परत लिहून काढणारा. २००५ ला सिरीयल परत सुरू झाली तेव्हापासून ही दोन्ही कामं मुख्यतः एकाच माणसाकडे आली, त्याला शोरनर म्हणतात. आधी रसेल टी डेव्हिस, २०१० पासून स्टीव्हन मॉफॅट, २०१८ पासून ख्रिस चिबनल आणि २०२३ पासून परत डेव्हिस. फॅन्स ज्याला 'एरा' म्हणतात तो खरं तर या लोकांचा एरा असतो. फक्त नावं नटांची लावतात कारण पोस्टरवर नट असतो.

टॉम बेकर: चेहरा एक, सिरीयल तीन

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण टॉम बेकर. लांबलचक मफलर, गोल डोळे, खिशात जेली बेबीज नावाच्या गोळ्या. १९७४ ते १९८१, सात सीझन, इतका काळ आजवर दुसरं कुणी टिकलं नाही. लोक म्हणतात 'टॉम बेकर एरा', जणू सात वर्षं एकच गोष्ट चालू होती.

पहिली तीन वर्षं निर्माता फिलिप हिंचक्लिफ आणि स्क्रिप्ट एडिटर रॉबर्ट होम्स. हा भयपटांचा काळ, ममी, पछाडलेले वाडे, मेंदू काढणारे शास्त्रज्ञ, संध्याकाळी चहाच्या वेळी पोरांना घाम फोडणारा. १९७६ मध्ये एका भागाच्या शेवटी डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबून धरलंय आणि चित्र तिथेच थांबतं, असा शेवट दाखवला. टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस बाईंनी एवढा आवाज उठवला की बीबीसीला माफी मागावी लागली. हिंचक्लिफची बदली झाली. नवा निर्माता ग्रॅहम विल्यम्स आला तो हिंसा कमी करा असा आदेश घेऊनच, मग हिंसा गेली तिथे विनोद आला, त्यातच एक वर्ष विनोदी लेखक डग्लस ॲडम्स स्क्रिप्ट एडिटर, त्यामुळे विनोद पण बऱ्यापैकी वेडा. महागाईने बजेट खाल्लं होतं ते वेगळंच. आणि १९८० मध्ये जॉन नेथन-टर्नर निर्माता झाला, त्याने सुरुवातीचं संगीत बदललं, बेकरचे कपडे बदलले, चेष्टामस्करी बंद करून टाकली. शेवटच्या सीझनमधला बेकर गंभीर, थकलेला, बराचसा उदास आहे.

नट तोच. म्हणजे कुणी 'मला टॉम बेकर आवडतो' म्हटलं तर त्याला विचारायला पाहिजे, कुठला? हिंचक्लिफवाले आणि ॲडम्सवाले फॅन एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि दोघांच्याही टी-शर्टवर मफलर तोच असतो.

मार्च १९८४, एका आठवड्याचं अंतर

आता हे माझं सगळ्यात आवडतं. डॉक्टर हू मॅगझिनने २००९ मध्ये वाचकांकडून तोपर्यंतच्या सगळ्या २०० कथांना मार्क घेतले. पहिली आली 'द केव्हज ऑफ अँड्रोझानी', पीटर डेव्हिसनची शेवटची कथा. शेवटून पहिली आली 'द ट्विन डिलेमा', कॉलिन बेकरची पहिली कथा. पहिली संपली १६ मार्च १९८४ ला. दुसरी सुरू झाली २२ मार्च १९८४ ला. म्हणजे फॅन्सच्या मते डॉक्टर हूचं सगळ्यात उत्तम आणि सगळ्यात वाईट हे लागोपाठच्या आठवड्यांत लागलं!

साहजिक कुणीही म्हणेल, बघा, डेव्हिसन चांगला आणि बेकर वाईट. (हा कॉलिन बेकर, टॉमशी काही नातं नाही.) पण थांबा जरा. निर्माता दोन्हीकडे तोच, नेथन-टर्नर. स्क्रिप्ट एडिटर तोच, एरिक सॉवर्ड. मग बदललं काय? अँड्रोझानी लिहिली रॉबर्ट होम्सने, तोच हिंचक्लिफवाला होम्स, जो पाचेक वर्षं या सिरीयलपासून लांब होता आणि सॉवर्डने त्याला परत बोलावलं. दिग्दर्शक ग्रॅम हार्पर, तरुण, कॅमेरा हलता ठेवणारा, अंधार वापरणारा. कथाही सरळ, डॉक्टर आणि त्याची नवी मैत्रीण पेरी दोघांना विष चढलंय, औषध एकाच माणसाला पुरेल एवढं, तो ते तिला देतो. बास. जग वाचवायचं नाही की काही नाही.

आणि ट्विन डिलेमामध्ये नव्या डॉक्टरला काय दिलं? रीजनरेशनमुळे डोकं फिरलेलं, म्हणून तो त्याच पेरीचा गळा दाबतो. आठवड्यापूर्वी जिच्यासाठी जीव दिला तिचाच. अंगात असा कोट की प्रत्येक तुकडा वेगळ्या भडक रंगाचा, कॉलिन बेकरला स्वतःला काळे कपडे हवे होते, पण निर्मात्याला मुद्दाम गबाळं आणि बेचव हवं होतं. वर ही कथा सीझनच्या शेवटी लावली, म्हणजे प्रेक्षकांना पुढचे नऊ महिने, जानेवारी १९८५ पर्यंत, नव्या डॉक्टरची हीच आठवण घेऊन बसावं लागलं. सांगा, नट काय करणार यात?

पुढे काय झालं तर फेब्रुवारी १९८५ मध्ये बीबीसी वनचा प्रमुख मायकेल ग्रेडने सिरीयल दीड वर्ष थांबवली, १९८६ मध्ये ती परत आली, आणि मग सांगितलं गेलं की पुढे चालवायची तर नट बदला. नट बदलला. निर्माता तोच राहिला. कॉलिन बेकर निरोपाचं शूटिंग करायला आलाच नाही, मग नव्या सिल्व्हेस्टर मॅकॉयलाच त्याचा विग घालून जमिनीवर पालथं पाडलं. वाढप्याला हाकलल्याचं टीव्हीच्या इतिहासातलं याहून स्पष्ट उदाहरण मला तरी माहीत नाही.

"म्हणजे नटाला काही किंमतच नाही का?"

आहे, आणि कॉलिन बेकरच त्याचा पुरावा. १९९९ पासून बिग फिनिश नावाची कंपनी जुन्या नटांना घेऊन डॉक्टर हूच्या नव्या ऑडिओ कथा काढते. तिथे कॉलिन बेकरला चांगले लेखक मिळाले, रंगीत कोट दिसायचा प्रश्नच नाही, आणि अचानक लोकांना कळलं की अरे, हा माणूस तर फार छान डॉक्टर आहे. मोठं मन, मोठा आवाज, आतून जखमी. हे सगळं १९८४ मध्येही त्याच्याकडे असणार, मागितलंच नाही कुणी.

उलट बाजूनेही सांगता येईल. १९६६ मध्ये ट्रॉटन चालला नसता तर आज हा लेख लिहायची वेळ आली नसती. जॉन पर्टवीला गाड्यांचं आणि वेगाचं वेड होतं म्हणून सत्तरच्या सुरुवातीला डॉक्टर गाड्या पळवतो, मारामाऱ्या करतो. म्हणजे नट स्वयंपाकघरात डोकावतो कधीकधी. पण चांगला नट वाईट स्क्रिप्टला 'बघण्यासारखी' करू शकतो, चांगली नाही, असं माझं मत आहे आणि यावर मी कुणाशीही रात्रभर बोलायला तयार आहे.

"मग जोडी व्हिटाकरचं काय?"

सगळ्यात जास्त विष इथेच आहे म्हणून हे टाळत नाही. ७ ऑक्टोबर २०१८ ला पहिल्या बाई डॉक्टरचा पहिला पूर्ण भाग लागला, ब्रिटनमध्ये जवळपास १ कोटी १० लाख लोकांनी बघितला. नंतरच्या सीझन्सना आकडा घसरला आणि एका गटाने लगेच निकाल दिला, बघा, बाई केली म्हणून लोक गेले. अहो पण बाई होती ते पहिल्या भागालाही सगळ्यांना माहीत होतं की, आणि तरी ते एवढ्या संख्येने आले! आले ते तिला बघायला आणि गेले असतील तर त्यानंतर जे दिसलं त्यामुळे गेले असतील, हे साधं आहे.

काय दिसलं? त्या पहिल्या सीझनच्या दहा भागांत एकही जुना राक्षस नाही, तीन-तीन कम्पॅनियन त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला चार वाक्यं, शनिवारची सिरीयल रविवारवर ढकललेली. आणि २०२० मध्ये चिबनलने सांगून टाकलं की हार्टनेलच्या आधीही डॉक्टरचे कित्येक जन्म होऊन गेलेत, तिला ते आठवत नाहीत एवढंच. साठ वर्षांचा पाया हलवला की लोक ओरडणारच. हे सगळे निर्णय शोरनरचे. त्याच काळात फाळणीवरचा एक भाग आला, विनय पटेलने लिहिलेला, पंजाबात घडणारा, तो जरूर बघा, तिथे व्हिटाकर काय करू शकते ते दिसतं. लेखक बदलला की नटी तीच असून किती फरक पडतो बघा.

यातली गंमत अशी की १९८६ मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमात डॉक्टर हूच्या लेखकांसमोर एक किशोरवयीन फॅन बसवला होता आणि तो त्यांना तोंडावर सुनावत होता की तुमची कथा ठरावीक, घिसीपिटी आहे. तो पोरगा म्हणजे ख्रिस चिबनल. बत्तीस वर्षांनी तोच शोरनर झाला आणि त्याला तेच ऐकावं लागलं. अर्थात फॅनच पुढे घरात शिरतात ही या सिरीयलची रीतच आहे. कपाल्डीने शाळेत असताना कौतुकाचं पत्र पाठवलेलं आणि ते 'रेडिओ टाइम्स' या साप्ताहिकात छापूनही आलेलं, टेनंट तर लहानपणापासून वेडा, पुढे त्याने लग्नही पाचव्या डॉक्टरच्या म्हणजे डेव्हिसनच्या मुलीशी केलं.

"आकडे खोटं बोलत नाहीत"

बोलतात, हो. आजवरचा सर्वात मोठा आकडा १ कोटी ६१ लाख, १९७९ चा, 'सिटी ऑफ डेथ' या कथेचा. कथा झकासच आहे, पॅरिसला जाऊन शूट केलेली. पण तेव्हा समोरचा चॅनेल आयटीव्ही संपामुळे बंद पडलेला होता! बघायला दुसरं काही नव्हतं लोकांना. आणि उलट, १९८७ पासून मॅकॉयला लावलं कोरोनेशन स्ट्रीटच्या समोर, जी तिथली घराघरात बघितली जाणारी सिरीयल, मग आकडा पडला आणि १९८९ मध्ये बीबीसीने दुकान बंद केलं. त्याचा शेवटचा सीझन आज बरेच फॅन डोक्यावर घेतात. म्हणून आकडा सांगणाऱ्याला आधी विचारा की त्या वेळेला समोर काय लागलं होतं.

मतदानाचंही तसंच. त्याच मॅगझिनच्या वाचकांचा लाडका डॉक्टर वर्षानुवर्षं टॉम बेकरच असायचा, २००६ मध्ये टेनंटने त्याला मागे टाकलं. बेकर एका रात्रीत वाईट झाला का? मत देणारे बदलले, २००५ नंतर आलेली पोरं मत द्यायला लागली. याला फॅन लोक 'माय डॉक्टर' म्हणतात, आठ-दहा वर्षांचे असताना जो पहिल्यांदा दिसला तो आपला, बाकीचे भाडोत्री. अमेरिकेतल्या जुन्या फॅन्सना टॉम बेकरच का आवडतो तर सत्तरच्या शेवटी तिथल्या स्टेशन्सनी त्याचेच भाग विकत घेऊन दाखवायला सुरुवात केली म्हणून. माझ्या ओळखीतले मराठी फॅन बहुतेक टेनंट नाहीतर मॅट स्मिथवाले, कारण आम्ही आलोच २००५ च्या दाराने.

ट्रॉटनवर तर याहून मोठा अन्याय. बीबीसीने साठच्या दशकातल्या टेप्स पुसल्या, आजही नव्वदच्या आसपास भाग गायब आहेत, आणि त्यातले बरेच त्याचे. आवाज मात्र सगळ्यांचे आहेत, कारण तेव्हाच्या पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून ते टिपलेले. २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेले त्याचे नऊ भाग बाहेर आले, त्यातली एक कथा तोवर बऱ्याच जणांनी सोसो म्हणून सोडून दिलेली. चित्र दिसल्यावर मत फिरलं, कारण त्यात तो हिरो आणि व्हिलन दोन्ही करतो आणि ते नुसतं ऐकून कळणार कसं?

"पण डेव्हिस तर तोच होता ना?"

हा मात्र माझ्या म्हणण्यावरचा खरा चांगला आक्षेप आहे. आचारी महत्त्वाचा म्हणता, मग २००५ ला ज्याने सिरीयल जिवंत केली तोच २०२३ ला परत आला, पैसाही जास्त, नटही जबरदस्त, मग तेवढी का जमली नाही?

माझ्या मते उत्तर बरंचसं भागांच्या संख्येत आहे. २००५ मध्ये सीझन १३ भागांचा होता. रोज टायलरची आई, तिचा बॉयफ्रेंड, तिचं घर, हे सगळं आपल्याला माहीत झालं कारण त्यासाठी वेळ होता, दोन मोठ्या भागांच्या मध्ये एखादा साधासा भाग परवडायचा. गाट्वाला मिळाले ८ आणि ८, वर दोन ख्रिसमसचे. पहिल्या आठातल्या दोन भागांत तो जेमतेम दिसतो, कारण त्याचं दुसऱ्या सिरीयलचं शूटिंग संपलं नव्हतं. त्या दोनपैकी एक सीझनमधला सगळ्यात चांगला भाग आहे हे आणखी वाईट. आठ भागांत मैत्री जमवायची, रहस्य पेरायचं, जुना देव परत आणायचा आणि जग वाचवायचं, मग त्याची कम्पॅनियन रुबी संडे आपल्याला ओळखीची व्हायच्या आतच सीझन संपतो. डेव्हिसने स्वतःच्या जुन्या सवयीने मोठे शेवट लिहिले, पण त्या शेवटांखाली जे तेरा भागांचं वजन असायचं ते नव्हतं.

त्यामुळे गाट्वा यादीत कितवा असं कुणी विचारलं तर मी नंबर देत नाही. त्याचे चांगले भाग बघा, तो रडतो, हसतो, नाचतो ते बघा, आणि मग त्याला अजून एक लांब सीझन मिळाला असता तर काय झालं असतं यावर भांडू. बिग फिनिशचा माइक त्याच्यासाठीही कधीतरी लागेल असं मला वाटतं.